पाटी ग्रॅनाइटची, दगड नाइस: कोल्हापुरातल्या एका फरशी यार्डाबद्दल

कोल्हापूर शहराच्या पायाखाली सगळा बेसाल्ट. अंबाबाईच्या देवळाचा काळा पाषाणही तोच. दक्षिणेला आजरा-चंदगडकडे गेलं की कलादगी गटाचे वाळूखडक आणि क्वार्टझाइट डोकं काढतात, पण त्यातलं ओट्यावर काही येत नाही. ओट्याचा आणि जिन्याचा पॉलिश दगड येतो राजस्थान, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूतून, आणि त्यात रूपांतरित, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेने-दाबाने बदललेल्या, खडकांचा वाटा बराच मोठा असतो. महामार्गालगतच्या या यार्डात माल भरपूर आहे, लाद्या लोखंडी घोड्यांवर उभ्या ठेवलेल्या, मागची बाजू बघायला जागाही सोडलेली. पण पाट्या दोनच: मार्बल आणि ग्रॅनाइट. काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळतं, "सगळं ग्रॅनाइटच की हे!" तसं ते नाही, आणि फरक तुमच्या खिशावर पडतो.

'ग्रॅनाइट'च्या रांगेतला टॅन ब्राउन खरा ग्रॅनाइट. ब्लॅक गॅलेक्सी ग्रॅनाइट नाही, पण निदान अग्निजन्य, म्हणजे शिलारस थिजून झालेला, तरी आहे. तो गॅब्रो या गडद अग्निजन्य खडकाच्या जातीचा. काश्मीर व्हाइट आणि जांभळट लाटांचा पॅराडिसो मात्र रूपांतरित, दोन्ही तमिळनाडूकडचे. जुना खडक जमिनीत खोल गाडला गेला, तापमान साधारण ६०० अंशांच्या वर गेलं, आणि न वितळता, घन स्थितीतच त्यातली खनिजं नव्याने वाढली. दाब एका दिशेने जास्त असेल तर अभ्रकासारखी चपटी खनिजं दाबाला आडवी वळतात, आणि फिकट-गडद पट्टे पडतात. हा नाइस. आणखी तापून थोडा भाग वितळला की पट्टे वळसे घेतात, तो मिग्मटाइट. पॅराडिसोच्या लाटा त्याच.

हे ओळखण्याचा उपयोग सिंकच्या भोकापाशी कळतो. सिंकच्या पुढे ओट्याची दोन-तीन इंचांची पट्टी उरते आणि लादी तिथेच मोडते. पट्टे त्या पट्टीच्या लांबीने गेले तर ठीक. आडवे गेले, तर लादी उतरवताना किंवा कुकर आदळला तरी दगड अभ्रकाच्या थरावर दुभंगतो. इथल्या कटिंग शेडमध्ये कोणी पट्ट्यांची दिशा विचारत नाही. ज्या बाजूने तुकडा कमी वाया जाईल तसं कापतात. खडूने लादीवर बाण काढून द्यायचा आणि ओट्याचं माप त्याच दिशेने लिहायचं. शिवाय त्या पट्टीखाली कडप्प्याचा आधार गवंड्याकडून घालून घ्यावा. (कडप्पा हा चुनखडक, कोटा आणि शहाबादीही तेच. रूपांतरित यातलं एकही नाही.)

काश्मीर व्हाइटमधले लाल ठिपके गार्नेटचे. दिसायला फार सुंदर, पण हा दगड पाणी पितो. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. खाली डाग गडद झाला तर सीलर लावल्याशिवाय ओट्यावर घेऊ नका. तांबड्या रश्श्याची तर्री सांडली की डाग कायमचा. पावसाळ्यातल्या ओलीने त्यातल्या लोहयुक्त खनिजांभोवती गंजाचे पिवळट वेढेही दिसू लागतात. न्हाणीघरात तर नकोच.

मार्बलच्या रांगेत गोंधळ जास्त. मकराना खरा संगमरवर: चुनखडक तापून त्यातले कॅल्साइटचे कण नव्याने स्फटिकले, शंखशिंपल्यांचे ठसे पुसले गेले, कण एकमेकांत घट्ट बसले. त्यात अभ्रक जवळपास नसतं, म्हणून पट्टेही नसतात. अशा खडकांना अपत्रित म्हणतात. पॉलिश न केलेल्या कडेवर उजेड तिरका पाडा, खडीसाखरेसारखे चमकणारे सपाट पैलू दिसतील. 'इटालियन' म्हणून उभ्या असलेल्या बोत्तिचिनोच्या कडेवर असे पैलू दिसत नाहीत, कारण तो बारीक कणांचा चुनखडकच आहे. पॉलिश छान येतं, भाव मार्बलचा लागतो. दोन्हींवर लिंबाचा रस पाच मिनिटं ठेवून पुसला की चकाकी जाते, त्यामुळे ओट्यासाठी दोन्ही बाद. देवघराला मकराना घ्या.

हिरवा मार्बल हे वेगळंच प्रकरण. राजस्थानातल्या ऋषभदेवचा हा दगड म्हणजे सर्पेंटिनाइट: मॅग्नेशियमचा भरणा असलेल्या खडकात गरम पाणी मुरून झालेला. लिंबाने तो फसफसत नाही (पांढऱ्या शिरा सोडून), म्हणून विक्रेता टिकाऊपणाची हमी देतो. पण ओल्या सिमेंटवर टाकला की खालून पाणी शोषून लादी वाकते, कोपरे उचलतात. यासाठी इपॉक्सी चिकटद्रव्यच लागतं, आणि हे यार्डात विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

'क्वार्टझाइट' म्हणून जो सगळ्यात महाग कोपरा आहे, तिथे काचेचा तुकडा घेऊन जा. वाळूखडक तापून झालेला क्वार्टझाइट खनिजांच्या काठिण्याच्या मोह्स मापावर ७, काच साडेपाचच्या आसपास. लादीच्या कच्च्या कडेने काचेवर ओरखडा उठलाच पाहिजे. नाही उठला तर तो बहुधा डोलोमाइटचा संगमरवर. आख्ख्या दगडावर तो पातळ ॲसिडला दाद देत नाही, चुरा केला की फसफसतो, त्यामुळे नुसत्या थेंबावर फसगत होते. इथे एक गोष्ट यार्डाच्या बाजूने लिहायलाच हवी: तपासायला तुकडा मागितला तर कुरकुर न करता देतात.

कंपाउंडच्या भिंतीला लावायचा दगड शेडच्या मागे आहे. स्लेट म्हणजे चिखलाचा खडक सगळ्यात कमी तापून झालेला. वाजवली की खणखणते, पातळ फळ्यांत फुटते. शेजारच्या चंदेरी लाद्यांवरही 'स्लेट'च लिहिलंय, पण तो अभ्रकी शिस्ट, रूपांतरात स्लेटच्या दोन पायऱ्या वरचा. नखाने खरवडलं की पापुद्रे निघतात. भिंतीवर चालेल, पायऱ्यांना नको.

माप घेताना यार्ड लादीची तुटकी कडही धरतं; वापरात येणारा आयतच मोजायला लावा. मागे जाळी चिकटवलेली असेल तर पुढून पाणी मारून बघा: पृष्ठभाग वाळला तरी रेघ ओली राहिली तर ती भेग. सलग लाद्या एकाच ब्लॉकच्या हव्यात, त्यांचे नंबर बिलावर लिहून घ्या. आणि टेम्पोत लाद्या उभ्याच भरायला सांगा. आडव्या रचून पाठवायची इथली सवय नाइसला तर अजिबातच मानवत नाही.