धानाचा जिवाणू संच: दोन हंगामांचा अनुभव

मौद्याकडे आमची तीन एकर धानाची शेती आहे. मागच्या वर्षी मृगाच्या तोंडावर नागपूरला कॉटन मार्केटजवळच्या एका कृषी केंद्रातून हा संच आणला. अ‍ॅझोस्पिरिलम (हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, धरणारे जिवाणू), पीएसबी (मातीतला स्फुरद विरघळवणारे जिवाणू) आणि ट्रायकोडर्मा अशा तीन बाटल्या. दुकानदारांनी त्याच पिशवीत कार्बेन्डाझिमची पुडी टाकली अन् म्हणाले, "ताई, सगळं एकाच घमेल्यात कालवा आन् बियाण्याला चोळा. एकदाच काम होते." चोळलं. पऱ्ह्यांत, म्हणजे धानाच्या रोपांत, काडीचा फरक दिसला नाही. संच बोगस आहे, असं मी चारचौघींना सांगितलंही. ते चुकीचं होतं, म्हणून हे लिहिते आहे.

कार्बेन्डाझिम बुरशी मारतं, आणि ट्रायकोडर्मा ही बुरशीच, फक्त रोगाच्या बुरशीला रोखणारी. पैसे देऊन आणलेली कामाची बुरशी मी घमेल्यातच मारली. कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या पुतणीने सांगितलं तेव्हा उलगडा झाला. बाटलीवर याबद्दल एक ओळ नाही, ही या संचाची सगळ्यात मोठी उणीव.

यंदा 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून बियाणं बुडवलं, वर आलेलं पोचट काढलं, दोनदा धुऊन सावलीत सुकवलं. रासायनिक पुडी लावलीच नाही, फक्त संच. रोवणीच्या दिवशी पऱ्ह्यांच्या जुड्यांची मुळं अ‍ॅझोस्पिरिलम आणि पीएसबीच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवली. एक बांधी (बांध घातलेला शेताचा तुकडा) मुद्दाम तशीच सोडली. पंधरा दिवसांनी दोन्हींकडचं एकेक चूड (रोपांचा झुपका) उपटून पाण्यात खळबळलं. संचाच्या चुडाला पांढरी, केसासारखी दाट मुळं होती. दुसऱ्याची विरळ आणि पिवळट. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

पण संच लावून बाकी फवारण्या तशाच ठेवल्या तर उपयोग नाही. मागच्या भादव्यात करप्यासाठी (पानं करपवणारा रोग) कॉपर ऑक्सिक्लोराइड मारलं आणि आठवड्याभरात बांधीतल्या पाण्यावरचा शेवाळाचा निळसर-हिरवा थर तपकिरी होऊन काठाला लागला. तळ्यातलं शेवाळ मारायला मोरचूद टाकतात, तेही तांबंच. धानातलं हे शेवाळ हवेतला नत्र धरतं, हे शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी 1939 साली दाखवून दिलं होतं. हेक्टरी 20 ते 30 किलो नत्र त्यातून मिळतो असं सांगतात. शिवाय युरिया जास्त पडला की तेच शेवाळ नत्र धरणं सोडून देतं. तणनाशकाची मात्रा मात्र पाळली तर जिवाणू बरेचदा काही आठवड्यांत सावरतात. आमच्याकडे "थोडं जास्त टाकू" म्हणून टाकतात, तिथे घात होतो.

संचाला पाचपैकी चार. दुकानाला दोनच. नियमाप्रमाणे द्रवरूप जिवाणू खतात एका मिलिलिटरला किमान 10 कोटी जिवंत जिवाणू हवेत, आणि यांच्या बाटल्या जूनच्या उन्हात काउंटरच्या काचेत मांडलेल्या! यंदा मी आतल्या खोलीतल्या बाटल्या मागून घेतल्या, तारीख वाचली, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि मौद्याच्या बसमध्ये मांडीवर धरून आणल्या.