पीएस२, पीएस१ आणि रेट्रोटिंक ५एक्स प्रो: काही महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या गेम कन्सोलसाठी स्केलर (जुनं चित्र आजच्या टीव्हीला साजेसं मोठं करून देणारी डबी) घ्यावा का, असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, कन्सोल कोणता? मेगा ड्राइव्हवाल्याला एक उत्तर, पीएस२वाल्याला दुसरं. माझ्याकडे पॅल (५० हर्ट्झच्या टीव्ही पद्धतीचा) पीएस२, म्हणजे प्लेस्टेशन २, आहे, पीएस१च्या डिस्कही त्यावरच चालवतो, आणि टीव्ही ४के आहे. या दोघांच्या मध्ये आता कित्येक महिने रेट्रोटिंक ५एक्स प्रो हा स्केलर बसलेला आहे आणि तो तिथून हलणार नाही.

पीएस२चे बहुतेक गेम इंटरलेस्ड चित्र देतात, म्हणजे एका वेळी एकाआड एक रेषा. जुना डबा टीव्ही त्या आल्या तशा रंगवायचा. आताच्या पॅनेलला मात्र अख्खी फ्रेम लागते. मग टीव्ही रेषांची जुळवाजुळव करत बसतो, आणि तोवर इकडे बटण दाबून झालेलं असतं, तिकडे लाथ उशिरा बसते. टेक्केनसारखा मारामारीचा गेम खेळणाऱ्याला हे पहिल्याच फेरीत कळतं. पीएस२च्या मागे खोचायचे स्वस्त एचडीएमआय अडॅप्टर मिळतात, पण त्यातले बहुतेक तेच इंटरलेस्ड चित्र पुढे ढकलतात. जुळवाजुळव पुन्हा टीव्हीच्याच गळ्यात.

५एक्स हे काम स्वतः करतो. चित्राचा जो भाग स्थिर आहे तिथे दोन्ही वेळच्या रेषा एकत्र विणतो. जो हलतोय तिथे ताज्या रेषांवरून मधली जागा भरतो. ग्रॅन टुरिस्मो ३ लावा आणि कोपऱ्यातल्या वेगाच्या आकड्याकडे बघा: कडा अजिबात थरथरत नाहीत. रस्त्याकडेच्या कठड्यावर थोडी झिलमिल राहते, पण ती मूळ गेमच्याच दातेरी कडांची आहे, तिला कुठलाच स्केलर काही करू शकत नाही. फ्रेम लॉकवर, म्हणजे कन्सोलच्याच तालावर चित्र पाठवायला, ठेवला तर याचा स्वतःचा लॅग (उशीर) एका फ्रेमपेक्षाही कमी असतो. टीव्हीचा गेम मोड (टीव्हीचा स्वतःचा उशीर कमी करणारी सेटिंग) मात्र चालू हवाच.

मेगा ड्राइव्ह किंवा सुपर निंटेंडो असेल तर एवढा खर्च करू नका. त्यांचं चित्र मुख्यतः २४०पी, म्हणजे २४० रेषांचं, इंटरलेस्ड नसलेलं, आणि त्यासाठी मार्कुस हिएनकारी यांचा ओएसएससी हा दुसरा स्केलर उत्तम आहे. तो फ्रेम साठवतच नाही, रेषा येईल तशी दुप्पट-तिप्पट करून पुढे देतो, त्यामुळे लॅग जवळपास शून्य. इंटरलेस्ड चित्रावर मात्र मूळ ओएसएससी लुकलुकतो, आणि पीएस२चं जवळजवळ सगळंच इंटरलेस्ड.

पीएस१ची खोड वेगळी. सायलेंट हिलसारखे गेम खेळताना साध्या २४०पी चित्रात असतात आणि सामानाची यादी उघडली की इंटरलेस्डमध्ये उडी मारतात. रेझोल्यूशन बदललं की पुष्कळ टीव्ही काही सेकंद काळे होतात, आणि भीतीच्या गेममध्ये तो रसभंग फार बोचतो. ५एक्सवर ट्रिपल बफर (काही फ्रेम साठवून पुढे देणारी सेटिंग) लावला की पडदा काळा होत नाही. लॅग किंचित वाढतो, पण अशा गेमला तो चालतो.

चित्राच्या आकाराचं गणित समजून घ्या. २४०ला ४ने गुणलं तर ९६०, म्हणजे १०८०च्या पडद्यावर वरखाली काळी पट्टी. ५ने गुणलं तर १२००, म्हणजे वरखालचा थोडा भाग कापला जातो. टीव्ही १४४०पी घेत असेल तर प्रश्नच मिटतो, बरोब्बर ६ पट. आणि कृपा करून चित्राची रुंदी-उंची ४:३ ठेवा. ताणलेले चेहरे बघवत नाहीत.

पॅलवाल्यांनी गेममध्ये ६० हर्ट्झचा पर्याय असेल तर तोच घ्यावा. ५० वर पुष्कळ गेम संथ चालतात, विशेषतः पीएस१चे.

केबल कंपोनंटच (लाल, हिरव्या, निळ्या पिनांची) घ्या. पिवळ्या पिनेच्या वायरीत रंग आणि उजेड एकत्र कोंबलेले असतात. एकदा मिसळले की ५एक्सलाही ते पुन्हा पुरते वेगळे करता येत नाहीत. जोडण्याआधी पीएस२च्या सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये कंपोनंट व्हिडिओ आउट हा पर्याय ‘RGB’वरून ‘Y Cb/Pb Cr/Pr’वर आणा, नाहीतर रंग भलतेच दिसतील. हा बदल करताना पिवळी वायर जोडलेली असू द्या.

बाजारात आला तेव्हा किंमत तीनशे डॉलरच्या आसपास होती, वर कस्टम ड्युटी. महाग आहे. तरी पीएस२चे गेम मनापासून खेळणाऱ्याला मी घे म्हणेन. वर्षातून दोनदा धूळ झटकणाऱ्याला नको म्हणेन. गनकॉनच्या बंदुकीचे गेम मात्र यानेही चालत नाहीत, कारण ती बंदूक डबा टीव्हीच्या किरणाची वेळ वाचते. त्यासाठी डबा टीव्ही ठेवावाच लागतो, आणि मी ठेवला आहे.