टेक्स्चरखाली दडलेलं प्लास्टर: पाथर्डी फाट्यावरच्या एका रो-हाउसचा हिशेब

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या एका रो-हाउसचं बाहेरचं प्लास्टर आणि त्यावरचं टेक्स्चर, म्हणजे अ‍ॅक्रिलिक रंगाचा जाड खरखरीत थर, एप्रिलमध्ये झालं. काम १,८०० चौरस फूट, मटेरियलसह ठेका. कोटेशनवर 'डबल कोट सँडफेस, १:४, वॉटरप्रूफिंग पावडर, जोडांना जाळी, दहा वर्षं गॅरंटी' असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं. सँडफेस म्हणजे बाहेरच्या भिंतीचं खरखरीत प्लास्टर, १:४ म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. जुलैत पश्चिमेकडून झड लागली तसं त्या बाजूचं टेक्स्चर फुगलं, आतल्या बेडरूमला ओल आली आणि ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं.

एक फुगा फोडला तर खालचं प्लास्टर बोटांतच चुरलं. हातात राहिली काळसर भुकटी, म्हणजे क्रश सँडच्या (दगड फोडून केलेल्या वाळूच्या) नावाखाली क्रशरची डस्ट. तुकडा कडेने पाहिला तर थर एकच, जेमतेम १२ मिमीचा. डबल कोटमध्ये पहिला थर १२ ते १५ मिमी आणि त्यावर दुसरा ५ ते ८ मिमीचा असतो. पहिला थर ओला असतानाच त्यावर रेघा ओढतात, म्हणजे दुसरा धरून राहतो. तुटलेल्या कडेला हा जोड ओळखू येतो. इथे रेघ औषधालाही नव्हती.

सिमेंट कुठे गेलं ते पोत्यांवरून कळतं. २० मिमी जाडी आणि १:४ माल धरला तर १०० चौरस फुटाला साधारण दीड पोतं लागतं. विटांचे सांधे आणि नासधूस धरून पावणेदोनपर्यंत जातं. म्हणजे या घराला २७ ते ३१ पोती हवीत. साइटवर २८ पोती उतरलेली मालकांनी स्वतः पाहिली होती. पण गच्चीवर रिकाम्या गोण्या निघाल्या ११. उरलेली पोती परस्पर दुसऱ्या साइटवर गेली. थर पातळ होता हे धरूनही ११ पोत्यांत प्रमाण १:७ च्या आसपासच बसतं. म्हणून भरलेली पोती मोजून उपयोग नाही, रोज संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजायच्या आणि काम संपेपर्यंत त्या आपल्या ताब्यात ठेवायच्या. बिगारी त्या विकतात, तेव्हा हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

जाळीचं बिल सगळ्या बाजूंचं, जाळी मात्र फक्त रस्त्याकडच्या दर्शनी बाजूला. बीम आणि वीटकाम उन्हात सारखं हलत नाही, त्यामुळे बीमच्या तळाला सरळ आडवी चीर पडते आणि झडीचं पाणी तिथूनच शिरतं. जोडाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाळी खिळ्यांनी ताणून बसली की फोटो काढायचा आणि मगच गवंड्याला माल लावू द्यायचा.

खरी लबाडी टेक्स्चरच्या घाईत होती. प्लास्टर संपल्यावर आठवड्याच्या आतच 'पावसाच्या आधी उरकून घेऊ' म्हणत टेक्स्चर मारलं. नव्या सिमेंट प्लास्टरला किमान ७ दिवस पाणी मारावं लागतं. नाशिकच्या एप्रिलमध्ये पश्चिमेची भिंत दुपारी तासाभरात सुकते, तिथे दिवसातून तीन-चार वेळा. रंग किंवा टेक्स्चर त्यानंतर, एकूण २८ दिवस जाऊ देऊन. सिमेंटचं प्लास्टर उघडं असलं तर भिजलं तरी पुन्हा वाळतं. ओल्या प्लास्टरवर अ‍ॅक्रिलिकचा जाड थर बसला की आतलं पाणी कोंडतं, क्षार वर येतात आणि फुगे धरतात. पण ठेकेदाराला त्याचं काय? चिरा, पोकळ जागा, डस्टचा काळा रंग, सगळं एका दिवसात झाकलं गेलं आणि शेवटचा हप्ताही हातात पडला.

म्हणून टेक्स्चरचा ठेका वेगळा ठेवा आणि प्लास्टर तपासल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नका. नाण्याने सगळी भिंत ठोकत जा. भदभद वाजेल तिथे खडूने गोल करा. खिळ्याने जोरात ओरखडा ओढा. पुसट रेघ उठली तर ठीक, खोल चर पडून भुगा गळला तर माल कच्चा आहे. रकमेतले दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवायचे, आणि ही अट कोटेशनवरच लिहून सही घ्यायची. गॅरंटीच्या गप्पांना फार भुलू नये. कंपनीचं कार्ड असतं ते तिच्या मटेरियलचं, खालच्या प्लास्टरचं नाही.

पैसे देऊन झाले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. १९१५ या हेल्पलाइनवर माहिती मिळते. कोटेशन, यूपीआयच्या नोंदी आणि तुटलेल्या कडेचे स्केल लावून काढलेले फोटो जपून ठेवा. दुरुस्ती करण्याआधीच, कारण नंतर पुरावाच उरत नाही.

आता त्या घरी दुरुस्तीवाले येऊ लागलेत. 'वरून वॉटरप्रूफ कोट मारून देतो' म्हणतात. तो पैसाही पाण्यातच जाणार. पोकळ वाजणारा भाग विटेपर्यंत काढायचा, सांधे १० मिमी खरवडायचे, बीमला टाचे मारून (छिन्नीने खाचा पाडून) जाळी लावायची आणि पाऊस उघडल्यावर, भिंत वाळल्यावर, नवे दोन कोट करायचे.