घराचा इतिहास काढून देणाऱ्या आर्किटेक्ट : आमचा अनुभव

पणजोबांनी अख्खं घर एका दमात बांधलं, असं आमच्याकडे ठासून सांगितलं जातं. दुरुस्तीला हात लावण्याआधी घराची नीट नोंद व्हावी म्हणून जुन्या इमारतींचं काम करणाऱ्या एका आर्किटेक्टबाईंना बोलावलं. त्यांनी ही कथा ऐकली, वहीत लिहून घेतली आणि बॅटरी घेऊन भिंतीकडे वळल्या.

मधल्या खोलीच्या कोपऱ्यात गिलावा थोडा खरवडला, तर आत वरपासून खालपर्यंत सरळ सांधा. विटा एकमेकींत अडकवलेल्याच नव्हत्या. म्हणजे एक भिंत आधीची, दुसरी नंतर तिला येऊन टेकलेली. माळ्यावरच्या तुळईत एक रिकामी खाच निघाली, ते लाकूड आधी दुसरीकडे कुठेतरी वापरलेलं. पुढच्या वाशांवर हाताने तासल्याचे घाव होते, मागच्या फळ्यांवर यंत्राच्या गोल करवतीचे कमानीसारखे ओरखडे. एकाच खुणेवर त्या काही ठरवत नव्हत्या, पण सगळ्या खुणा एकाच बाजूला बोट दाखवत होत्या: मागचा भाग नंतरचा. साल मात्र सांगितलं नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’, बस. काकांना हे अपुरं वाटलं. मला याच कारणाने त्यांच्यावर विश्वास बसला.

पैसे वसूल झाले ते ओलीच्या प्रश्नावर. चुन्यात बांधलेल्या भिंतीला मागच्या पिढीत बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला. चुन्याच्या भिंतीतली ओल वाळून बाहेर जाते. सिमेंटने ती अडते, आतल्या आत क्षार साठतात आणि विटांचे पापुद्रे सुटतात. कंत्राटदार त्यावर वॉटरप्रूफ रंग सुचवत होता. बाईंनी आधी पन्हळी बघायला लावल्या, मग अंगणातली माती मोजली. भर पडत पडत ती जोत्याच्या वर गेली होती! माती उतरवणं हे पहिलं काम, सिमेंट काढून चुन्याचा गिलावा त्यानंतर, असा क्रम त्यांनी लिहून दिला.

अहवालाबद्दल मात्र तक्रार आहे. तो उशिरा आला. बांधकामाचे टप्पे दाखवणाऱ्या नकाशात दोन तपकिरी छटा इतक्या सारख्या की भिंगातूनही फरक कळू नये. फोटो सुंदर, पण कुठला कुठल्या भिंतीचा ते लिहिलेलं नाही.

आणि वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरापुढे शेरा होता, ‘अनुचित बदल’. आजीचे गुडघे गेले, जिना उतरणं बंद झालं, तेव्हा ते बांधलं. दिसायला ओबडधोबड आहेच, पण मागच्या खोल्या जर घराचा इतिहास, तर हे न्हाणीघर का नाही? मी तसं कळवलं. सुधारित प्रतीत शेरा गेला, बांधण्याचं कारण आलं. नकाशातल्या तपकिरी छटा तशाच आहेत, म्हणून पाचपैकी चार तारे.