लर्नर्स डिक्शनरी: केळीच्या एका हंगामानंतर

रावेरला केळी निर्यात करणाऱ्या पॅकहाऊसचं ऑफिस सांभाळतो. आखातातल्या खरेदीदारांना मेल, कंटेनरची कागदपत्रं, तक्रारींची उत्तरं, सगळं इंग्रजीत आणि सगळं माझ्याच गळ्यात. म्हणून ही जाडजूड इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या परभाषकांसाठीचा शब्दकोश, घेतली. शेठ म्हणाले, मोबाईल असताना हे ओझं कशाला? आता तेच अधूनमधून मागून नेतात.

आधी टेबलावर इंग्रजी-मराठी पॉकेट डिक्शनरी होती. वाचायला ती पुरते, लिहायला बसलं की अडतं. तिच्यात ‘मॅच्युअर’ म्हणजे पक्व आणि ‘राइप’ म्हणजेही पक्व. आमच्याकडे या दोहोंत कंटेनरभर पैशांचा फरक. आपण घड कापतो तो मॅच्युअर, पण हिरवागार. राइप होतो तो तिकडे, रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू दिल्यावर. ‘राइप माल भरला’ असा मेल गेला तर समोरच्याचा फोन आलाच समजा.

‘डॅमेज’ आणि ‘इंज्युरी’चंही तसंच. उदाहरणं वाचत गेलं की दिसतं, डॅमेज गाडीला, खोक्याला, पिकाला, इंज्युरी जिवाला. मग तपासणी अहवालात ‘चिलिंग इंज्युरी’ कशी? कारण कापलेलं केळंही श्वास घेत असतं. रीफरचं, म्हणजे थंड कंटेनरचं, तापमान १३ अंशांच्या खाली फार वेळ राहिलं की सालीखाली तपकिरी रेघा उमटतात आणि पिकल्यावर रंग मळकट येतो. दबून, आपटून पडलेला डाग म्हणजे ‘ब्रूझ’. क्लेममध्ये यातला कोणता शब्द आलाय यावर दोष थंडीचा की हाताळणीचा, म्हणजे पैसे कोणाच्या खिशातून जाणार, हा वाद फिरतो. तक्रार ‘ॲक्नॉलेज’ केली म्हणजे पोचली एवढंच. ‘ॲक्सेप्ट’ लिहिलं की झालं, सापडलात.

सोबत थिसॉरसही, म्हणजे जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र देणारा कोश, घेतला होता, तो कपाटात पडून आहे. रॉजेट नावाच्या डॉक्टरानं १८५२ साली पहिला काढला. ज्याला शब्द येतात पण ऐन वेळी आठवत नाहीत, त्याच्या कामाचा. तो शब्द गोळा करून देतो, वेगळे करून देत नाही. लर्नर्स डिक्शनरीचं घराणंच निराळं. जपानात इंग्रजी शिकवणाऱ्या हॉर्नबीनं दोन सहकाऱ्यांसह ती तयार केली, १९४२ ला टोकियोत छापली गेली, मग १९४८ ला ऑक्सफर्डनं काढली. परक्या भाषेतून येणारा नेमका कुठे ठेचकाळतो हे त्या माणसानं वर्गात रोज पाहिलं होतं.

तक्रारी? अक्षर बारीक, चाळिशीवाल्यांनी चष्मा हाताशी ठेवावा. उच्चाराच्या खुणा मी अजून वगळूनच वाचतो. पण व्याख्या दोन-तीन हजार ओळखीच्या शब्दांतच लिहिलेल्या असतात, त्यामुळे एका शब्दासाठी पाच पानं उलटावी लागत नाहीत.

घेणार असाल तर जुनी आवृत्तीही चालेल. फक्त आत जवळच्या अर्थाच्या शब्दांच्या चौकटी आहेत ना, तेवढं दुकानातच उघडून बघा.