इंजिनच्या भागांना रंग की पावडर कोटिंग?
जुन्या गाडीचं इंजिन उघडलंय आणि मन दोन्हीकडे ओढतंय? खर्चात रंगच परवडतो. टवका उडाला तर घरच्या घरी टचअपही होतो. पावडर कोटिंग म्हणजे कोरडी भुकटी फवारून भट्टीत भाजून बसवलेला थर; तो जास्त टिकतो, सांडलेल्या तेलाला सहसा दाद देत नाही. पण पावडर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजतात, म्हणजे सील, बुश, बेअरिंग आधी काढा. थर जाड बसतो. आटे झाकले नाहीत तर बोल्ट शिरत नाही. ओतीव अॅल्युमिनियममध्ये मुरलेलं तेल भट्टीत बाहेर येऊन थराला बारीक भोकं पडतात, म्हणून पावडर मारण्याआधी भाग कोराच भाजून घ्या (हे आधीच सांगून ठेवा). जोडलेल्या ब्लॉकला रंग, टॅपेट कव्हर (इंजिनवरचं झाकण) आणि ब्रॅकेटला पावडर. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनचा गरम धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना) मात्र खास उच्च तापमानाचाच रंग.