मोफत शिबिरातले क जीवनसत्त्व मला साडेनऊ हजारांना पडले

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीतील ‘मोफत आरोग्य शिबिरा’त माझ्या रक्तातील क जीवनसत्त्व धोक्याच्या पातळीखाली असल्याचे सांगून मला साडेनऊ हजार रुपयांच्या गोळ्या विकण्यात आल्या, हजार मिलीग्रॅमची एक, दिवसातून तीन वेळा. मी बारमाही पेरू खाणारा माणूस आहे, आणि शंभर ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलीग्रॅम क जीवनसत्त्व असते, तर पुरुषाची रोजची शिफारस ८० मिलीग्रॅमची आहे. तरीही छापील अहवाल हातात पडताच मी घाबरलो.

महिन्याभराने फेरतपासणीला ‘सकाळची गोळी घेऊन दोन तासांनी या’ असे बजावण्यात आले. आकडा अर्थातच वर गेला होता. त्या आनंदात मी शेजारच्या दोघांनाही गोळ्या घ्यायला लावल्या.

पोट सतत बिघडू लागले, तेव्हा आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, ‘काका, रक्त काढल्यावर ती नळी कुठे ठेवली होती?’ ती दुपारपर्यंत खिडकीतल्या टेबलावर उन्हात होती, हे मी पाहिले होते. उजेड आणि उष्णता यांनी हे जीवनसत्त्व नळीतच नष्ट होत जाते. नमुना लगेच बर्फात आणि अंधारात ठेवावा लागतो. शिवाय गोळी घेतल्यावर दोन-तीन तास रक्तातली पातळी चढलेलीच असते, त्यामुळे दुसऱ्या अहवालातली वाढ ही सुधारणा नव्हतीच.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात निरोगी तरुणांना ३० ते २५०० मिलीग्रॅमपर्यंतचे डोस देऊन रक्त तपासले होते. दिवसाला २०० ते ४०० मिलीग्रॅमच्या आसपास पातळी लिटरमागे ७० ते ८० मायक्रोमोलवर जवळजवळ स्थिरावते. त्यापुढे आतडे कमी शोषते आणि उरलेले मूत्रपिंड बाहेर टाकते. ‘तुमचे पैसे लघवीवाटे गेले’, असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला हसू आले नाही. याच जीवनसत्त्वाच्या काही भागाचे शरीरात ऑक्झलेट, म्हणजे मुतखडे बनवणारा क्षार, होते आणि मला पूर्वी मुतखडा झालेला आहे. शिबिरात कोणी तसे विचारलेही नव्हते.

पावतीवर ‘फूड सप्लिमेंट, विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ एवढेच आहे, तपासणीचा उल्लेखही नाही. शेजाऱ्यांना मी सारे सांगितले. त्यांपैकी एकाने आदल्याच दिवशी दुसरा संच मागवला होता.